लोकचळवळींचे यशापयश : भंडारा जिल्ह्याच्या अनुभवावरून काही विचार

लोकांनी एकत्र येऊन राज्यकर्त्यांकडे काही मागावे, मागितलेले मिळाले नाही तर मोर्चा काढावा, सत्याग्रह करावा, प्रसंगी तुरुंगात जावे, ही गोष्ट गेल्या शंभर वर्षांत आपल्या देशाच्या अंगवळणी पडली आहे. वैनगंगेच्या काठचा आपला भंडारा जिल्हाही तिला अपवाद नाही. परंतु या चळवळींचा हिशेब मांडावयास बसले असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. काही चळवळींच्या पदरात मागितलेले पडले. काहींच्या वाट्यास लाठ्या, तुरुंग आणि आठवणी एवढेच आले. ज्या हरल्या त्यांतील माणसे कमी धैर्याची होती, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही. उलट कित्येकदा हरलेल्यांनीच अधिक सोसले आहे. मग यशापयशाचा हा भेद कशाने उत्पन्न होतो?

या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात आपल्या परिसरातील उदाहरणांवरून करू इच्छितो. आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो. राज्यकर्त्याला गरज आहे अशी काही ना काही वस्तू प्रजेच्या हाती असतेच. ती वस्तू म्हणजे कर असेल, मत असेल, श्रम असतील, जमिनीचा ताबा असेल, किंवा मुकाट्याने आज्ञा पाळण्याची सवयही असेल. ती वस्तू पुष्कळांनी मिळून, पुरेसा काळ आणि एका निश्चित मागणीसाठी रोखून धरली तर चळवळीस यश येते. ती आधीच देऊन टाकली, अथवा ती रोखणाऱ्यांत फूट पडली, तर फार मोठा त्यागही अपुरा ठरतो.

झेंडा सत्याग्रह

आरंभ आपल्या शेजारच्या नागपूरपासून करू. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथील हिंसेनंतर महात्मा गांधींनी असहकाराची चळवळ थांबविली आणि देशात निराशा पसरली. अशा वेळी १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूर येथे राष्ट्रीय झेंड्यावरून सरकारशी वाद पेटला. १३ एप्रिल रोजी नागपुरात झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली असता पोलिसांनी ती अडविली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या त्या वस्तीतून झेंडा नेऊ दिला जाणार नाही, असा सरकारचा पवित्रा होता. १ मे पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दररोज स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन निघे आणि पकडली जाई. जून महिन्यात जमनालालजींना अटक झाली. पुढे वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. दीड हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, सत्याग्रह संपला आणि पुढे बंदी सुटले.

मागणी किती लहान होती हे पाहण्यासारखे आहे. एका रस्त्यावरून झेंडा घेऊन जाऊ द्या, एवढेच मागणे. पण ते कोणाकडे मागावयाचे हे निश्चित होते, आणि ते मिळाले की नाही हे शेंबड्या पोरालाही सांगता आले असते. सरकारलाही राज्य न गमावता ते देता येत होते. उलट न द्यावे तर तुरुंगात जागा पुरेना आणि येणाऱ्या तुकड्या संपेनात. हुकूम पाळण्याची लोकांची सवय सरकारला हवी होती. तीच वस्तू सत्याग्रह्यांनी साडेतीन महिने रोखून धरली. स्वराज्य त्या ऑगस्टमध्ये आले नाही, पण खचलेल्या प्रांताला आपण जिंकू शकतो हे कळले.

मीठ आणि गवत

१९३० सालच्या सविनय कायदेभंगात समुद्रकाठच्या लोकांनी मीठ उचलले. मध्यप्रांत-वऱ्हाडात समुद्र नाही. म्हणून येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडावयाचे ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून या जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला आणि त्यांना कारावास घडला. ज्या मुलखात गुरांचा चारा, जळाऊ लाकूड, मोहफूल आणि तेंदूपान यांवर गरिबाचा संसार चालतो, तेथे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे गोळीबार होऊन गोंड स्त्रियाही बळी पडल्या.

फळ काय मिळाले? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या गावांना घरच्या वापरासाठी मीठ करण्याची सवलत मिळाली. जंगलाच्या कायद्यास त्या कराराने हात लावला नाही. मिठाचा प्रश्न साऱ्या देशाच्या तोंडी होता आणि वाटाघाटीच्या मेजापर्यंत तो पोहोचला. गवताचा प्रश्न जंगलकाठच्या लोकांचा होता, आणि मेजावर त्यांच्या बाजूने बसणारे कोणी नव्हते. जंगलावरील हक्काचा कायदा होण्यास २००६ साल उजाडले. त्या कायद्याखाली आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे त्या गावाने आपल्या ग्रामसभेत वर्षानुवर्षे एकमताने कारभार चालविल्याची पुण्याई होती. १९३० चे बलिदान व्यर्थ गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मागणाऱ्याचा माणूस निर्णयाच्या जागी नसला तर त्याचे मागणे किती दीर्घकाळ ताटकळत राहते, हे त्यावरून दिसते.

बेचाळीसचे दिवस

ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्या जिल्ह्यातील तुमसर येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. त्याच महिन्यात चिमूर आणि आष्टी येथे लोकक्षोभाचा स्फोट झाला आणि पाठोपाठ सरकारने भयंकर सूड उगविला. तारा तुटल्या, पोलीस ठाण्यांवर चालून जाण्यात आले, पुढारी एका रात्रीत तुरुंगात गेले आणि काही आठवड्यांत सरकारने बळाने उठाव मोडला. युद्धकाळी सरकारपाशी फौज होती. बळाला बळाने उत्तर देणे त्याला जमणारे होते.

मात्र त्यानंतर जे घडले ते अधिक विचारणीय आहे. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी उपोषण आरंभिले. ते ६३ दिवस चालून जानेवारी १९४३ मध्ये संपले. चिमूर-आष्टी खटल्यांतील फाशीच्या शिक्षांविरुद्ध देशभर आवाज उठला आणि १९४५ साली त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. उठाव करणाऱ्यांना जे साधले नाही, ते थोडेसे का होईना, एका निश्चित मागणीवर चिकटून राहिलेल्यांनी साधले. पुढे १९४७ साली इंग्रज गेले, त्याची कारणे अनेक आहेत. महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिती झाली होती आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईस नाविकांनी बंड केले होते. ज्या शिपायांच्या व नोकरांच्या आज्ञाधारकपणावर राज्य उभे होते, तोच भरवशाचा राहिला नाही. बेचाळीसच्या हुतात्म्यांचे कार्य या अंगाने फळास आले, असे आम्हांस वाटते.

दोन राज्यांच्या मागण्या

आता स्वराज्यातील उदाहरण घेऊ. हे आपल्या घरचे, आणि म्हणून थोडे बोचणारे आहे. १९५५ च्या सप्टेंबरअखेर फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने आपला अहवाल दिला. त्यात नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस मात्र आयोगाने मान्यता दिली नाही. म्हणजे कागद विदर्भाच्या बाजूने होता, महाराष्ट्राच्या विरुद्ध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासारख्या विद्वानानेही त्याच सुमारास मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्ये करावीत असे मत मांडले होते. पाच वर्षांनी फळ नेमके उलट निघाले.

असे का झाले? फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एरवी परस्परांचे तोंड न पाहणारी मंडळी तीत एकत्र आली. मुंबईतील गिरणी कामगारापासून साताऱ्याच्या शेतकऱ्यापर्यंत एकच मागणी होती : मुंबईसह महाराष्ट्र. शंभराहून अधिक माणसे गोळीबारात बळी पडली. १९५६ साली चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. तथापि, आमच्या मते निकाल फिरविणारी घटना १९५७ ची निवडणूक ही होय. मुंबईत व पश्चिम महाराष्ट्रात मतदारांनी सत्ताधारी पक्षाची मते काढून घेतली. द्विभाषिक मुंबई राज्याचे मंत्रिमंडळ टिकले ते गुजरात, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या आधारावर. गुजरातेतही इंदुलाल याज्ञिक यांच्या महागुजरात चळवळीने पाया पोखरला होता. पुढच्या निवडणुकीचे भय समोर दिसू लागताच दिल्लीचे मन बदलले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले.

विदर्भाची गोष्ट याच्या अगदी उलट घडली. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने स्वतंत्र विदर्भाचा ठराव केला होता. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार यांनी पुढाऱ्यांत दोन तट पडले. ब्रिजलाल बियाणी आणि बापूजी अणे स्वतंत्र राज्याच्या बाजूने, तर दुसरे काही मातब्बर पुढारी एकत्रीकरणाच्या बाजूने. नाग-विदर्भ आंदोलन समितीने झुंज दिली. १९६२ साली अणे नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. परंतु १९५७ साली, जेव्हा सत्ताधारी पक्षाला विदर्भाच्या मतांची सर्वांत अधिक गरज होती, तेव्हा ती मते विदर्भाने कोणतीही अट न घालता दिली. जे रोखून धरावयाचे तेच आधी देऊन टाकले. मग मागण्यासाठी हाती उरले काय? विदर्भ वेगळा व्हावा की नाही यावर आपल्या वाचकांत दोन मते असतील, आणि त्या वादात हा लेख पडत नाही. परंतु ज्याला जे हवे ते त्याने कसे मागावे, हा धडा दोन्ही मतांच्या लोकांनी घेण्यासारखा आहे.

समितीचे यशही पूर्ण नव्हते, हे नमूद केले पाहिजे. मुंबई मिळताच एकत्र आलेले पक्ष पांगले. बेळगाव-कारवारचा प्रश्न मागे राहिला आणि तेथील मराठी माणूस अद्याप वाट पाहत आहे. मोठा वाटा मिळाला की लहान वाट्याच्या धन्यांना विसरावयाचे, हा आघाडीचा जुना दोष आहे.

तेलंगणाचा धडा

त्याच फाजल अली आयोगाने तेलंगणाचेही वेगळे राज्य तूर्त राहू द्यावे असे सुचविले होते, आणि तेही त्या वेळी मानले गेले नाही. १९६९ साली तेथे मोठे आंदोलन झाले व विझले. पुढे २००१ साली एकाच मागणीसाठी एक पक्ष उभा राहिला; त्याने निवडणुकीत आपल्या पाठिंब्याची किंमत मागितली. २०११ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी नोकर, शिक्षक, एस. टी. सारख्या सरकारी बससेवेचे कामगार आणि सिंगरेणीच्या कोळसा खाणीतील मजूर यांनी एकाच वेळी काम थांबविले. तो संप ४२ दिवस चालला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. विदर्भातही कोळसा आहे, चंद्रपूरसारखी वीज केंद्रे आहेत; परंतु या मागणीसाठी सर्व थरांतील लोकांनी मिळून असा संप केल्याचे उदाहरण नाही.

येथे कोणी विचारील, की आपल्या पूर्वेस छत्तीसगड २००० साली एवढ्या झुंजीवाचूनच कसे झाले? आक्षेप रास्त आहे. तेथे दोन्ही मोठ्या पक्षांना ते राज्य आपापल्या सोयीचे वाटले आणि मध्यप्रदेशच्या विधानसभेनेही संमती दिली. राज्यकर्त्यांच्या इच्छेशी आपली इच्छा जुळली तर चळवळ लागत नाही. परंतु असा योग आपल्या हाती नसतो; त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

एकट्याचे बळ

आता जातिसंस्थेच्या या स्मरणिकेत बोललेच पाहिजे अशा एका प्रसंगाकडे वळतो. १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या काळी असा मतदारसंघ दोन जागांचा असे : एक सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदारास दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेसाठी देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर उभे होते. ते काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. बाबासाहेबांचे अनुयायी एकदिलाने त्यांच्या पाठीशी होते. पण एका समाजाची एकजूट, ती कितीही अभेद्य असो, इतर समाजांच्या मतांवाचून विजयास पुरत नाही. राज्यघटनेचा शिल्पकार आपल्या दाराशी मत मागावयास आला असता आपल्या जिल्ह्याने त्यास परत पाठविले, यात आपल्या विचारसरणीची कोती बाजूही दिसते. प्रत्येक समाज आपापल्या अंगणापुरता पाहू लागला की असे घडते.

गोसीखुर्द

आणखी एक उदाहरण पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. आरंभी ३७२ कोटी रुपयांचा समजलेला हा प्रकल्प पुढे कित्येक पटींनी महाग झाला आणि २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे बुडित क्षेत्रात आली. त्या गावांत धानाच्या बांध्या असलेले शेतकरी होते, नदीवर जगणारे ढिवर होते, भूमिहीन मजूर होते. सर्व जातींची घरे होती. प्रकल्पग्रस्तांनी मोर्चे काढले, धरणे धरली, पाण्यात उभे राहून सत्याग्रह केले. २०१३ साली राज्य शासनाने त्यांच्यासाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले. हे यश लहान नव्हे.

परंतु ते मिळाले पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी. बुडित गावातील माणसाच्या हाती एकच मोठे शस्त्र असते : जोवर तो गावातून उठत नाही तोवर जलाशय पूर्ण भरता येत नाही. हे शस्त्र पाणी चढेपर्यंतच चालते. एकेका घराने मोबदला उचलून निघून जावयाचे ठरविले, की उरलेल्यांची शक्ती ओसरू लागते. १९२१ साली सेनापती बापट यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध चालविलेल्या मुळशी सत्याग्रहातही हेच झाले होते. जमिनींचे कागदोपत्री मालक असलेल्या सावकारांनी मोबदला घेतला, कसणारे मावळे एकटे पडले आणि १९२४ पर्यंत लढा मावळला. पुढे राज्यात ठिकठिकाणच्या धरणग्रस्तांनी एकत्र येऊन दबाव आणला, तेव्हा १९७६ साली महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला. एका गावाने एकट्याने जे मिळत नाही ते अनेक गावांनी मिळून मागितले असता कायद्याच्या रूपाने मिळते.

आपल्यापुरता विचार

असो. या सर्व उदाहरणांतून आपल्यासारख्या समाजसंस्थेने काय घ्यावे? आपण अधिवेशनात ठराव करतो, शिष्टमंडळ पाठवितो, निवेदन देतो. हे सर्व आवश्यक आहे, पण तेवढ्याने शासन हलत नाही. निवेदन म्हणजे मागणीची नोंद. तिच्यामागे शक्ती उभी करणे हे निराळे कार्य आहे. म्हणून कोणताही ठराव मांडण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने काही प्रश्न स्वतःस विचारावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. आपण मागतो ती गोष्ट नेमकी कोणाच्या अधिकारात आहे? ती मिळाली की नाही हे सामान्य सभासदासही ओळखता येईल इतकी ती स्पष्ट आहे काय? ज्याच्याकडे मागतो त्याला आपल्याकडून काय हवे आहे, आणि ते आपण आधीच फुकट देऊन बसलो आहोत काय? या मागणीत दुसऱ्या कोणत्या समाजाचे हित गुंतले आहे, आणि त्यांच्या दाराशी आपण गेलो आहोत काय?

शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती, धानाचा भाव, तलावातील मासेमारीचा हक्क, बुडित गावाचे पुनर्वसन, यांपैकी एकही प्रश्न या जिल्ह्यात कोण्या एका जातीचा नाही. पूर्वजांनी बांधलेल्या मालगुजारी तलावाचे पाणी बांधीत शिरताना मालकाची जात विचारीत नाही. एका ठिकाणी पाळ फुटली तर खालची सारी शेते कोरडी पडतात. संघटनेने आपल्या घराचा आधार व्हावे हे योग्यच, पण तिने शेजाऱ्याच्या घराकडील दारही उघडे ठेवावे. तरुण बंधुभगिनींनी या जिल्ह्याचा हा इतिहास वाचावा, आपापल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून तो ऐकून लिहून ठेवावा, आणि पुढच्या वेळी मागणे मागताना हाती काय आहे ते प्रथम पाहावे, एवढीच या निमित्ताने आमची विनंती आहे.